कुत्र्यांची झुंज आणि कडेला उभे असलेले बघे

गेल्या महिन्यात एका परिचितांनी माझ्या मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. ती जेमतेम चाळीस सेकंदांची होती आणि सोबत एवढेच लिहिले होते, “माणसे किती खालच्या थराला जातात पाहा.” पहिल्यांदा पाहताना माझी नजर दोन कुत्र्यांवरून हलली नाही. एकाने दुसऱ्याचा पुढचा पाय खांद्यापाशी जबड्यात धरला होता, दुसऱ्याचे दात पहिल्याच्या कानामागे रुतले होते, आणि दोघांपैकी एकही भुंकत नव्हता की गुरगुरत नव्हता. जो गलका ऐकू येत होता तो सगळा माणसांचा होता. दुसऱ्यांदा पाहताना मी आवाज बंद केला आणि कुत्र्यांऐवजी कडेच्या माणसांकडे पाहिले. एक जण नोटांची घडी बोटांत धरून उभा होता. दोघे-तिघे हात उंचावून चित्रण करत होते. एकाने लाकडी कठड्यावर आरामात कोपरे टेकली होती. मागच्या रांगेत एका माणसाच्या खांद्यावर सहा-सात वर्षांचा मुलगा बसला होता आणि त्याने दोन्ही हातांनी त्या माणसाचे केस घट्ट धरले होते.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. मी कायद्याचे शिक्षण घेतले आहे आणि गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी प्राण्यांच्या एका निवाऱ्यात काम करते, त्यामुळे या गुन्ह्यातली कलमे आणि जखमा दोन्ही थोड्याफार जवळून पाहिल्या आहेत. कुत्र्यांची झुंज हा दोन कुत्र्यांचा किंवा त्यांच्या दोन मालकांचा मामला नसतो. तो गर्दीचा गुन्हा असतो, कारण पैज, प्रवेशाचे पैसे, मालकाची प्रतिष्ठा आणि पुढच्या पिल्लांची किंमत हे सगळे त्या गर्दीमुळेच उभे राहते. म्हणून एखाद्या देशाचा कायदा चांगला की वाईट हे ठरवताना मी शिक्षेचा आकडा नंतर पाहते. आधी पाहते ते हे की त्या कायद्याला रिंगणाबाहेर उभा असलेला माणूस दिसतो की नाही.

“कुत्रीच ती, भांडणारच” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचे म्हणणे आधी निकालात काढले पाहिजे. कुत्री भांडतात हे खरे आहे, पण त्यांचे भांडण बहुतेक वेळा काही सेकंदांत मिटते. एक गुरगुरतो, दुसरा मान फिरवतो, शेपूट पायांत घालतो, पाठीवर लोळून पोट दाखवतो, आणि पहिला थांबतो. समोरच्याचा जीव न घेता वाद संपवण्याची ही भाषा प्रत्येक पिल्लू आपल्या आईजवळ आणि भावंडांत शिकते. झुंजीसाठी कुत्री पैदा करणारी माणसे नेमकी हीच भाषा पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पुसत आली आहेत. हल्ला करण्यापूर्वी इशारा न देणारा, शरण आलेल्याला न सोडणारा आणि स्वतःचे हाड मोडले तरी माघार न घेणारा कुत्रा त्यांना हवा असतो. त्या चित्रफितीतली कुत्री गप्प का होती याचे उत्तर यातच आहे.

रिंगणाची रचनाही माघार घेता येऊ नये अशीच असते. साधारण चौदा ते वीस फूट बाजूचा चौकोन, त्याला दोन-तीन फूट उंचीचा फळ्यांचा कठडा, आणि पाय घसरू नयेत म्हणून तळाला बहुधा जुना गालिचा. आत समोरासमोर दोन रेघा आखलेल्या असतात. दोन्ही कुत्र्यांचे वजन आधी ठरलेले असते आणि त्यावर महिनोन्‌महिने आधी करार झालेला असतो. ठरलेले वजन जमले नाही तर मालकाला रक्कम गमवावी लागते. एखाद्या कुत्र्याने झुंजीत तोंड आणि खांदे फिरवले की दोघांना उचलून आपापल्या कोपऱ्यात नेतात आणि तोंड फिरवलेल्या कुत्र्याला पुन्हा रेघेवरून सोडतात. पंच आकडे मोजतो. तेवढ्या वेळात तो स्वतःहून समोरच्यावर चालून गेला तर झुंज पुढे सुरू राहते, नाही गेला तर हरला. म्हणजे मोडलेल्या पायावर उभ्या असलेल्या जनावराला, त्याच्या मर्जीने तो लढतो आहे असे सिद्ध करायला लावले जाते, आणि हीच गोष्ट पुढे “आम्ही कोणाला जबरदस्ती करत नाही” या बचावासाठी वापरली जाते. मला या संपूर्ण प्रकारात सर्वांत संतापजनक वाटते ती ही रेघ. अमेरिकेत या झुंजींसाठी सर्वाधिक वापरली गेलेली नियमावली लुइझियानातील लाफायेट शहराच्या एका पोलीस प्रमुखाने लिहून काढली होती, ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुन्हा वाचून खात्री करून घेतली होती.

झुंज कधी काही मिनिटांत संपते, पण एक ते दोन तास चालणे नवलाचे नसते. जबड्यात अडकलेले दात सोडवण्यासाठी पाचरीच्या आकाराची एक काठी वापरतात. ती काठी, रुंद जाड पट्टे, जड साखळ्या, कुत्र्याला बांधून धावायला लावायचा फिरता पट्टा आणि कोपऱ्यात ठेवलेली प्रतिजैविके व जखमा शिवायचे सामान एवढे एका ठिकाणी सापडले तर अनुभवी तपास अधिकाऱ्याला फार काही सांगावे लागत नाही. तयारीच्या सहा-आठ आठवड्यांत कुत्र्याला धावायला लावले जाते, टांगलेल्या चामड्याला लोंबकळायला लावले जाते, आणि पुष्कळदा मांजरे, ससे किंवा चोरून आणलेली गरीब स्वभावाची कुत्री त्याच्या पुढ्यात टाकली जातात. समोरच्याला पकड मिळू नये म्हणून कान भूल न देता मुळापासून कापले जातात. मृत्यू रिंगणात येतोच असे नाही. रक्तस्राव, शरीरातले पाणी कमी होणे, धक्का आणि नंतर जखमांत होणारा जंतुसंसर्ग यांनी कुत्री कित्येक तासांनी किंवा दिवसांनी मरतात, कारण पशुवैद्याकडे नेले तर जखमा बोलतील ही मालकाला भीती असते. हरलेल्यांपैकी अनेकांना त्यांचा मालकच संपवतो.

जखमा बोलतात हे मी निवाऱ्यात एका कुत्र्याकडे पाहून शिकले. तो छाप्यात सापडलेला नव्हता. रस्त्याच्या कडेला कोणीतरी सोडून दिलेला होता. आमच्या पशुवैद्य बाईंनी त्याला टेबलावर घेतले आणि मला हात लावून पाहायला सांगितले. रस्त्यावर भांडणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर चाव्याच्या खुणा इतस्ततः असतात, मागच्या पायांवर आणि शेपटीजवळही असतात, कारण तो कधीतरी पळालेला असतो. याच्या खुणा मात्र तोंड, मान, छाती आणि पुढच्या पायांवरच एकवटलेल्या होत्या. काही ताज्या, काही पांढऱ्या पडलेल्या, काही एकमेकींवर चढलेल्या. मागचा भाग जवळजवळ कोरा होता. “हा कधी पळालाच नाही,” त्या म्हणाल्या, “किंवा याला पळायला जागाच नव्हती.” तपासणी चालू असताना तो त्यांचे मनगट चाटत होता. माणसांना न चावणे हाही त्या पैदाशीतला एक निकष असतो, कारण ऐन झुंजीत मालकाला त्याला उचलावे लागते. तो कशाला बिचकतो हे आम्हाला पुढे काही दिवसांनी कळले. बाहेर मुले खेळत होती आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. कुत्रा उठून उभा राहिला, त्याचे चारही पाय ताठ झाले, आणि तो एका रिकाम्या कोपऱ्याकडे टक लावून पाहत राहिला.

आता कायद्याकडे वळते. ब्रिटनमध्ये १८३५ साली प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध जो कायदा झाला, त्याने बैल, अस्वल, बिज्जू, कुत्रा यांची झुंज लावण्यासाठी घर, खड्डा किंवा जागा ठेवणे गुन्हा ठरवले. त्या काळात ही मोठीच मजल होती. परंतु कायद्याची नजर जागेवर होती, आणि त्याचा एक विचित्र परिणाम झाला. बैलावर कुत्री सोडण्याच्या खेळाला मोकळे मैदान लागे, तो लपवता येत नसे, म्हणून तो हळूहळू संपला. दोन कुत्र्यांच्या झुंजीला मात्र तळघर पुरते. बैलाशी झुंजणाऱ्या जातीचा चपळ टेरियरशी संकर करून तयार झालेली लहान, चिवट कुत्री तळघरांत, गोठ्यांत आणि दारूच्या गुत्त्यांच्या मागच्या खोल्यांत झुंजू लागली आणि स्थलांतर करणाऱ्यांबरोबर अमेरिकेत पोचली. न्यूयॉर्कमध्ये हेन्री बर्ग यांनी १८६६ साली प्राणिरक्षणाची संस्था स्थापन केली आणि १८७० साली वॉटर स्ट्रीटवरील किट बर्न्सच्या कुप्रसिद्ध अड्ड्यावर त्यांच्या पुढाकाराने छापा पडला. तिथे कुत्र्यांच्या झुंजी होत आणि कुत्र्यांपुढे उंदरांचे ढीगही सोडले जात.

त्यानंतर शंभर वर्षे कायदे कागदावर होते आणि झुंजीही चालू होत्या. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात प्राण्यांच्या झुंजीविषयीची तरतूद १९७६ साली आली, परंतु ती गंभीर गुन्ह्याची नव्हती. २००७ साली ती गंभीर गुन्ह्याच्या पातळीवर नेऊन तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठेवण्यात आली, पुढच्याच वर्षी मर्यादा पाच वर्षांवर गेली, आणि २००८ पर्यंत सर्व पन्नास राज्यांत कुत्र्यांची झुंज हा गंभीर गुन्हा ठरला. माझ्या दृष्टीने खरी महत्त्वाची दुरुस्ती २०१४ ची आहे. त्या वर्षी झुंजीला जाणूनबुजून हजर राहणे हाच संघराज्य पातळीवरचा गुन्हा झाला, त्याला एक वर्षापर्यंतची शिक्षा ठरली, आणि सोळा वर्षांखालील मुलाला तिथे नेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंतची. बघ्यापेक्षा मुलाला घेऊन येणारा बघ्या अधिक दोषी आहे हे ज्याने कोणी त्या मसुद्यात लिहिले, त्याने हा धंदा पुढच्या पिढीकडे कसा जातो ते ओळखले होते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याच्या आठव्या कलमाने हीच दिशा घेतली होती, आणि कलम कसे लिहावे याचा तो मला आजवर आढळलेला सर्वांत चांगला नमुना वाटतो. झुंज घडवून आणणारा त्यात आहेच. त्याशिवाय प्रवेशाचे पैसे घेणारा, झुंजीची जाहिरात करणारा, लोकांना तिथे पोचता यावे म्हणून माहिती पुरवणारा, पैज लावणारा आणि पैज स्वीकारणारा, झुंजीसाठी बनवलेले साहित्य त्या वापरासाठी जवळ बाळगणारा, कुत्र्याला झुंजीसाठी पाळणारा किंवा शिकवणारा, जागा देणारा, आणि योग्य कारण नसताना तिथे नुसता हजर असलेला माणूस, असे सगळे एकाच कलमाच्या कक्षेत येतात. झुंज चालू असतानाच पोलीस पोचले पाहिजेत ही अट त्यामुळे उरत नाही, कारण तयारी हाही गुन्हा आहे. उणीव शिक्षेची होती. कित्येक वर्षे कमाल शिक्षा सहा महिने होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती पाच वर्षांवर नेली. शिक्षेचा आकडा मी नंतर पाहते असे वर म्हटले आहे, पण सहा महिने म्हणजे काहीच नव्हते हेही मान्य केले पाहिजे. अमुक गुन्ह्याला किती शिक्षा आहे यावरून त्याच्या तपासासाठी किती माणसे आणि किती दिवस द्यायचे हे ठरते.

या कायद्यांच्या कथेत सर्वांत उशिरा आला तो स्वतः कुत्रा. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत छाप्यात सापडलेली कुत्री पुराव्याचे काम संपले की बहुधा मारून टाकली जात. ती बिघडलेली, धोकादायक, सुधारण्यापलीकडची समजली जात. एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात फुटबॉलपटू मायकेल विक यांच्या मालमत्तेवर छापा पडला आणि पन्नासच्या आसपास कुत्री ताब्यात घेण्यात आली. विक यांना त्या वर्षी डिसेंबरमध्ये तेवीस महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली, आणि त्याच प्रकरणात कुत्र्यांच्या देखभालीसाठी सुमारे नऊ लाख अठ्ठावीस हजार डॉलर त्यांच्याकडून घेण्यात आले. न्यायालयाने कायद्याच्या प्राध्यापक रेबेका हस यांना या कुत्र्यांच्या भवितव्याची जबाबदारी सोपवली आणि प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र तपासणी झाली. सरसकट मारून टाकण्याची शिफारस करणारे आवाज तेव्हाही होते. प्रत्यक्षात केवळ एका कुत्र्याला आक्रमकतेच्या कारणावरून मारावे लागले. बाकीच्यांतील बहुतेक वेगवेगळ्या संस्थांकडे गेली. सर्वांत अवघड समजली गेलेली बावीस कुत्री युटा राज्यातील एका अभयस्थानात पाठवण्यात आली, आणि त्यांतल्याही अनेकांना पुढे घरे मिळाली. ज्यांना हत्यार समजले जात होते ते या गुन्ह्यातले पीडित होते, हे त्या एका खटल्याने जेवढे दाखवले तेवढे एरवी शंभर लेखांनी दाखवता आले नसते.

कुत्र्याला हत्यार समजण्याची दुसरी तऱ्हा म्हणजे जातींवरची बंदी. ब्रिटनने १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांच्या कायद्यात पिट बुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी घातली, आणि २०२३ च्या अखेरीस त्यात एक्सएल बुली या प्रकाराची भर पडली. भारतात मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींविषयी राज्यांना परिपत्रक पाठवले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढल्याबद्दल पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली येथील उच्च न्यायालयांनी ते रद्द केले. माणसांवर हल्ले होतात आणि लोकांना भीती वाटते, ही चिंता खोटी नाही. परंतु झुंजीचा प्रश्न म्हणून पाहिले तर जातीवरील बंदीने गर्दीतला एकही माणूस घरी जात नाही. तो दुसरी जात आणतो, संकर करतो, आणि बंदीमुळे भाव वाढला म्हणून उलट खूश होतो. घरात प्रेमाने वाढलेल्या त्याच रूपाच्या कुत्र्यावर मात्र संशयाचा शिक्का बसतो आणि निवाऱ्यातून त्याला कोणी नेत नाही.

भारतातला कायदा मी थोडा सविस्तर सांगते, कारण त्यात एक गुंता आहे आणि तो माहीत नसल्यामुळे चांगल्या तक्रारी वाया जातात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील अकराव्या कलमाच्या पहिल्या पोटकलमात क्रूरतेचे प्रकार इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने दिले आहेत. त्यातील ‘एम’ या खंडात, केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्या प्राण्याशी झुंजण्यास चिथावणे, साध्या भाषेत ‘छू’ करणे, हा गुन्हा आहे. त्यापुढच्या ‘एन’ या खंडात झुंजीसाठी जागा ठेवणारा, ती चालवणारा, जागा देऊ करणारा आणि प्रवेशाचे पैसे घेणारा येतो. दोन्ही एकाच पोटकलमात शेजारी-शेजारी असल्या तरी एकतिसाव्या कलमाने त्यांच्यात फरक केला आहे : ‘एन’ खालचा गुन्हा दखलपात्र आहे, ‘एम’ खालचा नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की आपण ठाण्यात जाऊन “अमक्याने कुत्र्यांची झुंज लावली” एवढेच सांगितले तर अदखलपात्र नोंद होऊन प्रकरण तिथेच थांबू शकते, परंतु “अमक्या ठिकाणी झुंजीसाठी जागा चालवली जात आहे आणि प्रवेशाचे पैसे घेतले जात आहेत” असे वस्तुस्थितीला धरून सांगितले तर पोलिसांना स्वतःहून तपास करण्याचा आणि विना वॉरंट अटकेचा अधिकार मिळतो. झुंज एकच, घटना एकच, पण तक्रारीतले वाक्य बदलले की तिचे भवितव्य बदलते. छत्तिसावे कलम आणखी एक बंधन घालते : गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर या कायद्याखाली खटला दाखल करता येत नाही.

शिक्षेविषयी लिहिताना मला दर वेळी लाज वाटते. १९६० च्या या कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी दहा ते पन्नास रुपये दंड ठरवला गेला आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केल्यास पंचवीस ते शंभर रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, आणि कित्येक दशके हे आकडे तसेच राहिले. बैलांच्या खेळांविषयीच्या नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी दिलेल्या निकालात, कोणत्याही प्राण्याला दुसऱ्या प्राण्याशी किंवा माणसाशी झुंजण्यास चिथावले जाऊ नये याकडे सरकारांनी लक्ष द्यावे असे सांगितले आणि परिणामकारक शिक्षेसाठी संसदेने कायद्यात दुरुस्ती करावी अशी अपेक्षाही व्यक्त केली. २०२२ साली केंद्राने दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर ठेवला, तो या जुन्या मागणीनंतर. भारतीय न्याय संहितेचे ३२५ वे कलम प्राण्याला ठार मारणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंतची शिक्षा सांगते आणि म्हणून ते तक्रारीत जोडणे योग्यच आहे. परंतु ते आगळिकीचे, म्हणजे मूलतः नुकसान करण्याच्या हेतूचे कलम असल्यामुळे स्वतःचाच कुत्रा रिंगणात उतरवणाऱ्याविरुद्ध ते टिकवणे सोपे जात नाही.

आणि बघ्या? १९६० च्या कायद्यात पैसे घेणारा आहे, पैसे देणारा नाही. तिकीट विकणे गुन्हा आहे, तिकीट काढून कठड्यावर कोपरे टेकणे नाही. गंमत अशी नव्हे, खेदाची गोष्ट अशी की त्याहून जुन्या कायद्याला तो अंधुकसा दिसला होता. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याच्या तेराव्या कलमात सार्वजनिक रस्त्यावर पक्षी किंवा प्राणी झुंजवणाऱ्याबरोबरच तिथे हजर राहून त्याला साहाय्य व प्रोत्साहन देणाऱ्यालाही पकडण्याचा अधिकार पोलिसांना दिलेला आहे, आणि १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातही तशीच तरतूद आहे. परंतु ती सार्वजनिक जागेपुरती आहे. भिंतीआड, शेतावर किंवा बंद गोदामात जमलेल्या गर्दीला ती शिवत नाही. कायद्यात दुरुस्ती होईल तेव्हा दंडाचे शून्य वाढवण्याइतकेच महत्त्व ‘हजर राहणे’ या दोन शब्दांना मिळावे, असे मला मनापासून वाटते.

कायद्यात एक चांगली गोष्ट आहे तीही सांगितली पाहिजे. एकोणतिसाव्या कलमाखाली, दोषी ठरलेल्या मालकाकडे राहिल्यास पुन्हा क्रूरता होईल असे दिसल्यास न्यायालय त्या प्राण्यावरील त्याची मालकी काढून घेऊ शकते, आणि खटला चालू असताना जप्त प्राण्यांची देखभाल कशी करावी, तिचा खर्च कोणाकडून वसूल करावा यासाठी २०१७ साली स्वतंत्र नियम झाले. तोवर अशा प्राण्याची स्थिती फार दयनीय होती. पंचनाम्यात तो मुद्देमाल असतो. चाकूला पाकिटात घालून लाखेचे सील करता येते, पण जिवंत मुद्देमालाला रोज खायला लागते, औषध लागते, आणि खटला तीन वर्षे चालला तर त्याचे अर्धे तारुण्य पिंजऱ्यात जाते.

पुराव्याच्या बाबतीत काळ थोडा बाजूने वळला आहे. जुलै २००९ मध्ये अमेरिकेतील अनेक राज्यांत एकाच वेळी छापे पडले आणि चारशेहून अधिक कुत्री सुटली. त्यानंतर २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय प्रयोगशाळेच्या मदतीने झुंजीतल्या कुत्र्यांच्या डीएनएची माहितीपेढी उभी राहिली. झुंजीसाठी पैदास करणारे वंशावळ जिवापाड जपतात, त्यामुळे एका ठिकाणी सापडलेला कुत्रा दुसऱ्या राज्यातल्या कोणाच्या कुत्रीचा आहे हे कळले की माणसांचेही धागे जुळतात. भिंतीवरचे रक्त कोणत्या कुत्र्याचे हेही सांगता येते. मात्र गर्दी आता कठड्यापाशीच असते असे राहिलेले नाही. २०१२ साली फिलिपाईन्सच्या लागुना प्रांतात सुमारे तीनशे कुत्री सोडवण्यात आली. तिथल्या झुंजींचे इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण होत होते आणि पैजा परदेशात बसून लावल्या जात होत्या. त्या देशाने २०१३ साली आपल्या प्राणिकल्याण कायद्यातील शिक्षा वाढवल्या.

म्हणूनच मोबाइलवर आलेल्या अशा चित्रफितीचे काय करायचे हा प्रश्न क्षुल्लक नाही. ती संतापाच्या दोन ओळी जोडून पुढे पाठवली की प्रेक्षकांची संख्या वाढते, आणि प्रत्येक वेळी पाठवताना मूळ फाइलमधली वेळ, ठिकाण आणि चित्राची स्पष्टता कमी होत जाते. ती जशी आली तशी जतन करावी, कोणाकडून आणि कधी आली हे लिहून ठेवावे, पाठवणाऱ्याला ती कोणाकडून मिळाली हे विचारावे, आणि जागा ओळखता येत असेल तर लेखी तक्रार द्यावी. स्वतः तिथे जाऊन चित्रण करण्याचे धाडस करू नये. जिथे पैसा आणि जुगार आहे तिथली माणसे कुत्र्यांपेक्षा अधिक धोकादायक असतात.

मी तेच केले. साखळी चार माणसे मागे गेल्यावर एका मुलाने जागेचे नाव सांगितले. तक्रार लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या, कारण चाळीस सेकंद मी एकेक चौकट थांबवून पाहत होते : कठड्याची उंची, रेघा, प्रवेशाजवळच्या टेबलावरची वही, मागच्या भिंतीवरचा आकडा. ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी कागद शांतपणे वाचला आणि विचारले, “यात कुत्र्यांचे मालक कोणते?” मी म्हटले की ते चित्रात दिसत नाहीत, पण जागा दिसते, वही दिसते आणि सतरा चेहरे स्पष्ट दिसतात. त्यांनी सतराही वर्णने वाचली, वहीच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली आणि अठराव्या क्रमांकापाशी थांबले. तिथे मी त्या लहान मुलाचे वर्णन लिहिले होते. तो स्तंभ आरोपींचा होता, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी तो क्रमांक खोडला आणि खाली वेगळ्या ओळीत लिहिले : मुलगा, वय अंदाजे सहा-सात वर्षे, एका इसमाच्या खांद्यावर, त्या इसमाचा क्रमांक यादीत अकरावा.